९० दिवसांची आत्मचिंतन डायरी, ६४९ रुपये: एका मुनीमाचा रिव्ह्यू, जरा लांबलाय

आधीच सांगतो मी काय डायरीवाला माणूस नाही. लातूरला अडतीवर मुनीम आहे, सतरा वर्षं झाली, दिवसभर लिहितच असतो पण ते सगळं दुसऱ्याचं. कुणाचे किती कट्टे उतरले, काट्यावर किती भरलं, हमाली किती, तोलाई किती, शेतकऱ्याच्या हातात विक्रीच्या हिशोबाची पट्टी कितीची गेली. स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळ शाळेतल्या निबंधानंतर कधी आलीच नाही.

ही डायरी पण मी हौसेनं घेतलेली नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर चक्कर आली म्हणून दवाखान्यात गेलो तर बीपी १५० च्या वर, डॉक्टर म्हणले गोळी देतो पण चिडचिड कमी करा. आता चिडचिड म्हणजे काय नळ आहे का, कॉक फिरवला की बंद. त्यात तो सीझन कसा होता ते बाजारातल्या माणसाला विचारा, सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि सौद्यात भाव चार हजार, बेचाळीसशेच्या आसपास, शेतकरी वैतागलेला, हमाल वैतागलेला, शेठ वैतागलेला आणि मधी मुनीम. तर घरी पोरीनं हे ऐकलं, ती बारावीला आहे, नीटची तयारी करायली, तिनं मोबाईलवर शोधून ही डायरी मागवली. म्हणली पप्पा रोज दहा मिनिटं फक्त. एमआरपी ९९९ खोडून ६४९ लावलेले. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, अशा चार-पाच कंपन्यांच्या सारख्याच डायऱ्या मिळतात, सगळ्यांचे प्रश्न पण एकाच घाण्यातून काढल्यासारखे आहेत.

आता वस्तूबद्दल. वह्यांबद्दल मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो. कव्हर झक्कास आहे, निळसर, वर सोनेरी झाड, हात फिरवला की गुळगुळीत. आत बुकमार्कची रिबीन. पण बांधणी बघा की राव! दोऱ्याची शिलाई नाहीच, पाठीला गोंद थापलेला. त्यामुळं होतं काय, वही टेबलावर पसरून पडत नाही, मिटते. एका हातानं दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं आत्मचिंतन करायचं. पंधरा दिवसांत मधली दोन पानं सुटून हातात आली. आमच्या दुकानचा रोजमेळ बघा, रोजच्या जमाखर्चाची वही ती, लाल कापडी पुठ्ठा, जुजबंदी शिलाई, वर्षभर शंभर हात लागतात, चहा सांडतो, पण पान हलत नाही. कागदही पातळ, जेल पेननं लिहिलं की मागं उमटतंय. बॉलपेन वापरा. शेवटच्या पानावर क्यूआर कोड आहे, 'मार्गदर्शक ऑडिओ ऐका', स्कॅन केलं तर पेज उघडतच नाही, तीन वेळा केलं, पोरीच्या मोबाईलवरून पण केलं, नाहीच.

मराठी आवृत्ती म्हणून विकतात पण मराठी कुणी केलीय देव जाणे. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला, 'तुमच्या आतल्या मुलाला पत्र लिहा'. मी पेन धरून बसलो, घरची मागून वाचत होती, म्हणली कोणत्या मुलाला ओ? आपल्याला तर एकच पोरगी आहे. तिच्या आवाजात जरा संशय पण आला मला. नंतर पोरीनं समजावलं की लहानपणीच्या स्वतःला असं म्हणायचंय. मग तसं लिहा की बाबांनो, 'लहानपणच्या स्वतःला'. दुसरा एक, 'तुमची सीमारेषा कोणी ओलांडली? तेव्हा तुम्हाला कसे वाटले?' आमच्या भागात सीमारेषा म्हणलं की एकच गोष्ट डोक्यात येते, बांध. मी प्रामाणिकपणे लिहिलं, चुलत भावानं दोन वर्षांपासून बांध कोरायलाय, दीड फूट आत आलाय, वाईट वाटलं, मोजणी आणायचा विचार आहे. तीन ओळीत बसलं बरोबर.

रोज वर पाच तोंडं छापलीत, हसरं ते रडकं, त्यातलं एक रंगवायचं. आणि खाली 'आज मी ज्यासाठी कृतज्ञ आहे अशा तीन गोष्टी'. चार दिवस चांगलं वाटलं, पाचव्या दिवसापासून माझ्या तीन गोष्टी ठरून गेल्या, घर, नोकरी, पोरगी. घर, नोकरी, पोरगी. एखाद्या दिवशी चव बदलायला 'मटण'. मला वाटतं या प्रश्नाचा दोष नाही, मला सकाळी घाई असते आणि घाईत माणूस कालचंच आज खपवतो.

पण खरी अडचण वेगळीच निघाली, आणि हा रिव्ह्यू मी त्याच्यासाठीच लिहायलोय.

डायरीत दर दोन-तीन दिवसांनी 'का' येतो. तुम्हाला राग का आला. तुम्ही असे का वागलात. ही परिस्थिती तुम्हाला का खटकली. मी मन लावून उत्तरं लिहिली आणि दोन आठवड्यांनी मागं वळून वाचलं तर सगळी वकिली! हमालावर ओरडलो, का, तर त्याचं कामात लक्ष नसतं. घरचीवर ओरडलो, का, तर मी दमून आलोय हे तिला कळत नाही. पोरगी रात्री खोलीची आतून कडी लावते म्हणून ओरडलो, का, तर घरात शिस्त पाहिजे. चौदा दिवसांत चौदा खटले आणि सगळ्यात मी निर्दोष सुटलेलो. असं आत्मपरीक्षण असेल तर ते आमच्या गल्लीत सगळेच करतात, पारावर बसून, डायरी न घेता.

माझा पुतण्या संभाजीनगरला विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला आहे, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणला काका तुम्ही बरोबर जागी अडकलात. मग त्यानं सांगितलं की टाशा युरिक म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी याच्यावरच काम केलंय, स्वतःबद्दल खूप विचार करणारी माणसं स्वतःला जास्त ओळखतात असं काही निघालं नाही, उलट बऱ्याच वेळा 'का, का' करत बसणारी जास्तच गुंतून पडतात. बहुतेकांना वाटतं आपण स्वतःला ओळखून आहोत पण त्यांच्या मोजमापात खरे बसले १० ते १५ टक्केच. कारण असं की आपल्या मनाचं बरंच काही आपल्याला आतून दिसतच नाही, मग 'का' विचारलं की मन जे पहिलं पटेल असं कारण असेल ते उचलून देतं, आणि आपण त्याला खरं धरतो. त्यांचा सल्ला, 'का' सोडा, 'काय' विचारा. काय झालं, काय वाटलं, आता काय करता येईल.

मी म्हणलं अरे हे तर सोपंय, हे तर मी सतरा वर्षं करायलोय! रोजमेळात आपण 'का' कधी लिहितो का? अमक्यानं उचल का मागितली ह्याच्याशी वहीला घेणं नसतं. तारीख, वेळ, कोण, किती, नावे का जमा, बस्स.

दुसऱ्या दिवसापासून मी डायरीचे छापील प्रश्न सोडले आणि त्याच पानावर उभ्या रेघा मारून रकाने पाडले. वेळ. ठिकाण. समोर कोण. काय झालं. माझ्या तोंडातून काय गेलं, जसंच्या तसं, शिवी असेल तर शिवी. आणि शेवटचा रकाना शरीराचा, पोट रिकामं होतं का, डोकं दुखत होतं का, झोप किती झाली होती. कारण लिहायचं नाही अशी स्वतःला ताकीद. एका ओळीला अर्धा मिनिट लागतो. दुकानातच लिहायचो, पट्ट्यांच्या फायलीखाली डायरी ठेवून. एका हमालानं विचारलं पण, मुनीमजी दोन नंबरची वही आहे का.

डायरी सुरू केल्यापासून सहा आठवड्यांनी रविवारी घरी बसून खतावणी केली. म्हणजे रोजमेळातून एकेकाच्या खात्यावर नोंदी ओढायच्या, तसं प्रत्येक माणसाच्या नावानं वेगळं पान. एकूण ३१ नोंदी निघाल्या. हमाल ९, घरची ८, पोरगी ६ आणि त्यातल्या ४ नुसत्या कडीच्या, चहावाला पोरगा ३, रस्त्यावरचे रिक्षावाले बिक्षावाले ३, शेतकरी २. वेळ बघितली तर १९ नोंदी संध्याकाळी पाच ते आठमधल्या, आणि शरीराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'दुपारी जेवलो नाही'. हे बघून मला फार आनंद झाला. सापडलं म्हणलं कारण! भूक! घरचीला सांगितलं, पुतण्याला फोन केला, दुकानातही सांगितलं की मी आता दोनला डबा खाणार म्हणजे खाणार. दोन-तीन दिवस मी एखादा शोध लावल्यासारखा फिरत होतो.

मग परत पानं चाळताना लक्षात आलं, शेठच्या नावाचं पानच नाही. शेठ सोडा, खरेदीदार व्यापाऱ्यांपैकी एकाचं पण नाही. पुढाऱ्यांचा माल येतो, त्यांची माणसं मान वाकडी करून बोलतात, त्यांचंही नाही. एवढे दिवस मला भूक फक्त हमाल, पोरगा आणि बायकोसमोरच लागत होती का?

एका दिवसाची नोंद जशीच्या तशी देतो. '४:१०, दुकान, शेठ, मेळात ३४० चा फरक, सगळ्यांसमोर बोलले, मी: हो शेठ, बघतो शेठ.' त्याच्याच खाली, '५:४०, काट्याजवळ, हमाल मामा, कट्टा फुटला, पाच-सहा किलो सोयाबीन सांडलं, मी: डोळे फुटले का, वय झालं तर घरी बसा.' मामा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आहेत. आणि त्याच्याखाली, '८:१५, घर, घरची, भाजीत मीठ, मी: एक काम धड येत नाही.' तीन ओळी एकाखाली एक. चारला शेठकडून जे माझ्या खात्यात जमा झालं ते साडेपाचला अर्धं मामाच्या नावे टाकलं आणि उरलेलं सव्वाआठला घरी. रात्री मेळ बरोबर, शिल्लक शून्य, मुनीम गाढ झोपला. हे मी रोज करत होतो, वर्षानुवर्षं, आणि कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी तापट आहे पण मनाचा साफ आहे, तोंडावर बोलणारा माणूस आहे. तोंडावर बोलतो, पण कुणाच्या तोंडावर ते आधी बघून बोलतो. हे वाक्य मी डायरीत लिहिलं आणि खूप वेळ बसून राहिलो. घरची म्हणली काय लिहायलात एवढं रात्रीचं, झोपा की आता.

मी मामांना सांगायला गेलो. चहा पाजला, म्हणलं मामा, तुमच्यावर जे ओरडतो ते तुमच्यामुळं नसतंय. मामा बिडी विझवत म्हणले, "ते मला म्हाईत हाय की मुनीमजी. शेठची गाडी यिऊन गेली की घंटा-दोन घंटे मी तुमच्या काट्याकडं येतच न्हाई, दुसऱ्या पोराला धाडतो." म्हणजे ६४९ रुपये आणि सहा आठवडे घालून मला जे कळलं ते मामांना कधीचं फुकटात ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याप्रमाणं ड्युटी पण लावून घेतली होती.

यावरून डायरीतल्या एका पानाचं खरंच कौतुक करतो, दिवस ४५ वा. 'हे पान तुमच्या जवळच्या व्यक्तीला द्या आणि माझ्याबद्दल एक गोष्ट लिही असे सांगा.' पुतण्या म्हणतो स्वतःला आतून ओळखणं आणि लोकांना आपण कसे दिसतो हे ओळखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक आली म्हणजे दुसरी येतेच असं नाही. १९५५ मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम, याचा चार खणांचा तक्ता केला, दोघांच्या पहिल्या नावांवरून त्याला जोहारी खिडकी म्हणतात. त्यातला एक खण असा की लोकांना दिसतंय पण आपल्याला दिसत नाही. मामा त्या खणात बसून बिडी ओढत होते म्हणा ना. अख्ख्या ९० दिवसांत असं पान एकच, मधोमध. ते दर पंधरा दिवसांनी पाहिजे होतं, आणि त्याऐवजी तोंडं रंगवायची पानं काढून टाकली असती तरी चाललं असतं.

पण ४५ च्या आधी २३ वा दिवस सांगितला पाहिजे. प्रश्न होता, 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' आणि खाली ठिपक्यांच्या तीन ओळी.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन, लेझीम खेळून अंग दुखत होतं आणि आम्ही पोरं जिथं जागा मिळाली तिथं आडवे झालो. पहाटे चारला चार मिनिटं कमी, आणि भूकंप. आमचं घर दगडमातीचं, वर मातीच्या छताचं माळवद, किल्लारीकडच्या सगळ्या गावांत तशीच घरं होती, हातभर रुंद भिंती आणि डोक्यावर टनावारी माती, तीच माती माणसांवर आली. ५२ गावं उद्ध्वस्त झाली. आमचं गाव त्यात नव्हतं, आमची एक भिंत खचली आणि माजघराचं दार चौकटीत अडकलं. आत मी, आजी आणि दोन चुलत भावंडं. कडी आतून लावलेली, ती निघेना. बाहेरून वडील दार तोडेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मला अजून तो कडीचा आवाज आठवतो, आजी ती हलवत होती तो.

ह्याला तीन ओळी! मी दुकानातले पाठकोरे कागद घेतले आणि ११ पानं लिहिली, चार रात्री. नंतर कळलं की हे पण कुणीतरी शास्त्र म्हणून करून ठेवलंय, पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्याबरोबर १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांना रोज १५ मिनिटं, लागोपाठ ४ दिवस, आयुष्यातल्या सगळ्यात अवघड प्रसंगावर लिहायला लावलं होतं. लिहिल्यावर लगेच पोरांना बरं वाटलं नाही, वाईटच वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं बाकीच्या पोरांपेक्षा कमी झालं. माझं पण पहिले दोन दिवस डोकं जड, तिसऱ्या रात्री झोपच नाही. म्हणून इथं डायरीवाल्यांवर माझी खरी तक्रार आहे. असे प्रश्न विचारता, माणसाच्या आतलं काय काय वर येईल तुम्हाला माहीत नाही, मग एका कोपऱ्यात लिहा ना की जास्त त्रास झाला तर थांबा, कुणाशी तरी बोला. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, एवढी एक ओळ छापायला काय जातंय? तिथं त्या न चालणाऱ्या क्यूआर कोडला अख्खं पान दिलंय.

तर ४५ व्या दिवशी मी पान पोरीला दिलं. तिनं दोन दिवस ठेवून घेतलं. मग एकच वाक्य लिहून परत दिलं, 'पप्पा, तुम्ही कडीवरून ओरडता तेव्हा मला वाटतं की मी आत मोबाईलवर काहीतरी करते असा तुम्हाला डाउट आहे.'

मी वाचलं आणि मला काहीच समजेना. डाउट? तिच्यावर? मी माझ्या खतावणीतलं तिचं पान काढलं, चार कडीच्या नोंदी, त्याच्याही आधी वकिलीच्या दिवसांत लिहिलेलं 'शिस्त'. आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा तर फायलीत तसाच. दोन्ही कागद एका घरात, एकाच माणसानं लिहिलेले, तीन आठवडे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घर घेताना तळमजलाच पाहिजे म्हणून मी एजंटशी भांडलो होतो. मी दारापाशी झोपतो, चपला उशाला, टॉर्च उशाला, घरचे हसतात. सगळं समोर होतं की.

ती ११ पानं मी तिला वाचायला दिली. तिनं वाचली, काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन आईशी बोलत बसली. दोन दिवसांनी तीच म्हणली पप्पा मला कडी पाहिजे कारण आज्जी टीव्ही मोठ्यानं लावते आणि लाईट बंद करायला लोक आत येतात. म्हणजे तिचं कारण पण माझ्या हिशोबात कुठंच नव्हतं. सुताराला बोलावून कडी काढली आणि बाहेरून पण किल्लीनं उघडेल असं लॅच बसवलं, मजुरीसकट साडेचारशे रुपये. किल्ली माझ्या उशाला, टॉर्चशेजारी.

दुसरे पर्याय काय म्हणून कुणी विचारेल तर, माझा साडू इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलाय. १० दिवस, पहाटे चारला उठायचं, पूर्ण मौन, मोबाईल जमा, आणि तिथं वही-पेन पण चालत नाही, लिहायचंच नाही, नुसतं श्वासाकडं आणि अंगातल्या संवेदनांकडं बघत बसायचं. फी नाही, शेवटी इच्छा असेल ते दान. साडू म्हणतो लिहून काय होतंय, बसून बघावं लागतं. असेल, त्याला फरक पडलेला मी बघितलाय, पण सीझनमध्ये मुनीमाला १० दिवस कोण सोडतंय, मला तर लग्नाला दोन दिवस मिळत नाहीत. आणि माझी आई गंगाखेडकडची, जनाबाईच्या गावची, ती ह्या सगळ्याकडं बघून म्हणती आमच्या टायमाला जातं होतं. पहाटे दोघी जात्यावर बसल्या की सासू, नणंद, नवरा, माहेर सगळं ओव्यांतून निघायचं, पीठ पण पडायचं आणि पोट पण हलकं व्हायचं. हे जातं कुठं ६४९ ला मिळत असेल तर मला सांगा.

आता घ्यावी का. ज्यांना लिहायची अजिबात सवय नाही त्यांना सुरुवात करायला बरी आहे, कारण कोरी वही बघून माणूस घाबरतो आणि इथं रोज काहीतरी प्रश्न समोर येतो. गिफ्ट द्यायला पण कव्हर छान दिसतं. पण ज्याला थोडं जरी लिहिता येतं त्यानं आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात जावं, सोळा रस्त्यांपैकी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर वह्यांचं दुकान सापडेलच, तिथून शिलाईची लाँगबुक घ्यावी, शंभराच्या आत येते, मधी रेघा माराव्यात. मी आता तेच करायलोय. नोंदी कमी झाल्यात असं छाती ठोकून सांगणार नाही. गेल्या महिन्यात १४ आहेत, पैकी हमालांच्या ३. आणि शेठच्या नावाचं पान उघडलंय, त्यात एक नोंद आहे: '११:२०, दुकान, शेठ, सुट्टीवरून, मी: शेठ, सगळ्यांसमोर बोलू नका, आत बोलवून सांगा.' समोरून काय आलं तो रकाना मी ठेवलेला नव्हता, तो त्या दिवशी वाढवला. शेठ 'बरं' म्हणले आणि मोबाईलमध्ये बघत राहिले. शरीराच्या रकान्यात लिहिलंय, 'पाय लटपटले, डबा खाल्लेला होता.'

स्टार ५ पैकी अडीच. कव्हरला अर्धा, ४५ व्या पानाला पुरे दोन. बांधणी, कागद, मराठी आणि क्यूआर कोडला भोपळा. परत पाठवायची मुदत सात दिवसांची असते त्यामुळं तो विषयच नाही, आणि मागची ३८ पानं कोरी राहिलीत, कुणाला पाहिजे असतील तर न्या म्हणलं असतं, पण घरचीनं त्यात दुधाचा हिशोब सुरू केलाय. कृतज्ञतेच्या तीन ओळीत सकाळ, संध्याकाळ आणि खाडा बरोबर बसतंय म्हणते.